दाबायचं नाही

मला एका जागी बसवत नाही. जेवतानाही माझा एक गुडघा उभा असतो. आमच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी मी मांडवामागे कोणाच्या तरी मोटारसायकलचा प्लग काढून पुसत होतो, असं माझी वहिनी आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि ते खोटं नाही. यवतमाळजवळ लोहाऱ्याला एका जिनिंग फॅक्टरीत मी तेवीस वर्षं फिटर आहे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीन माझ्या ताब्यात. एखादी बंद पडली की धावायचं, चालू झाली की दुसरी कुठली कुरकुरतेय ते ऐकत फिरायचं. हे काम माझ्या स्वभावाला मानवलं. घरी मात्र मी पाहुण्यासारखा यायचो आणि चहा संपायच्या आत पायात चप्पल सरकवायचो.

अशा माणसावर रोज पाऊण तास बायकोच्या हाताशी बसायची वेळ आली.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या उजव्या स्तनात गाठ सापडली. नागपूरला ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. मग सलाईनमधून औषधं, मग किरणांचा उपचार. केस गेले, पुन्हा आले. डॉक्टर म्हणाले, आता सध्या काळजी नाही, आणि आम्ही सुटलो असं समजून मी दुसऱ्याच दिवशी कामावर हजर झालो. यंदा पेरणी आटोपली आणि एका सकाळी तिने मला आपला ब्लाउज दाखवला. उजव्या बाहीची शिवण तिने काखेपर्यंत उसवली होती.

"हात जात नाई आत," ती म्हणाली. "आठ दिस झाले."

"आठ दिस! अन् आता सांगून राह्यली?"

"तुमी होते कुठं?"

मी चिडलो. चिडलो की मी कामाला लागतो. तासाभरात तिला गाडीवर बसवून यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी तिच्या हातावर बोट दाबलं, खळगा पडला, आणि तो खळगा भरायला वेळ लागला. त्यांनी आम्हाला मालिश आणि व्यायाम शिकवणाऱ्या एका मॅडमकडे पाठवलं. तिशीतली, बारकी, चष्मेवाली मुलगी. तिने कागदावर माणसाचं चित्र काढून समजावलं. हातातलं पाणी बारीक नळ्यांनी वर काखेत जातं, तिथून छातीकडे. काखेतल्या गाठी काढल्या की ती वाट अडते आणि पाणी हातातच साचतं. याच्यावर गोळी नाही. रोज हलकी मालिश, वरून पट्टी, थोडा व्यायाम, आणि त्या हाताला आयुष्यभर जपायचं. खरचटायचं नाही, भाजायचं नाही, त्या हातावर सुई टोचून घ्यायची नाही.

माझी बायको सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने एकच विचारलं.

"सीतादहीले हात येईन काय कामाले?"

मॅडम यवतमाळच्याच होत्या, त्यांना सीतादही सांगावी लागली नाही. कापसाची वेचणी सुरू व्हायच्या दिवशी घरची बाई शेताच्या बांधावर, धुऱ्याजवळ पाच खडे मांडून पूजा करते, दहीभाताचा नैवेद्य शेतात शिंपते आणि पाच झाडांचा कापूस उजव्या हाताने वेचून ओटीत घेते. त्याशिवाय मजूर बाया कापसाच्या ओळींत, तासात उतरत नाहीत. आमचं तीन एकर तिनेच सांभाळलं. पेरायला कोणतं वाण, फवारणी कधी, कोणत्या बाया लावायच्या, सगळं तीच ठरवते. मागच्या वर्षी ती नागपूरला होती, तेव्हा सीतादही वहिनीने केली. घरी आल्यावर फोनमधला त्या पूजेचा फोटो तिने बराच वेळ मोठा करून पाहिला होता.

मॅडम म्हणाल्या, "वेचणीला जायचं नाही, काकू. वाळलेल्या बोंडाची टोकं बोचतात, तेवढ्यानेही हात बिघडतो. पण सूज उतरली, तर हातमोजा घालून पाच झाडं वेचा. पाचच."

"पाचच पाह्यजेत," बायको म्हणाली.

पुसदला दिलेली आमची मुलगी येऊन मालिश शिकली. दहा दिवस तिने केली. मग तिच्या पोरांच्या शाळा सुरू झाल्या आणि ती गेली. वहिनीचे गुडघे धड नाहीत, तिला तासभर मांडी घालून बसवत नाही. पुढच्या वेळी यवतमाळला गेलो तेव्हा बायको म्हणाली, राहू द्या, डाव्या हातानं मीच करीन. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहत होतो.

"काका, तुम्ही शिका."

"मी? माह्ये हात पाह्यले काय?" मी तळवे दाखवले. ग्रीस नखांत कायमचं बसलेलं, अंगठ्याला घट्टा.

"हात धुवून या," मॅडम म्हणाल्या.

धुवून आलो. बायको खाटेवर आडवी, छातीवर चादर. मॅडमनी चादर थोडी खाली घेतली आणि मी पहिल्यांदा ती जखम पाहिली. ऑपरेशनला वर्ष उलटून गेलं होतं. ड्रेसिंग मुलीने केलं, आंघोळ वहिनीने घातली, मी गाडी चालवली, रिपोर्ट आणले, रांगेत उभा राहिलो. पाहिलं नव्हतं. उजवीकडे सरळ सपाट छाती आणि तिच्यावर एक तिरपा वण. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"इकडं पाहा ना," बायको हळूच म्हणाली. "तिकडं काय लिवलं हाय?"

मॅडमनी माझी बोटं धरून तिच्या गळ्याखाली, हाडाच्या वरच्या खळग्यात ठेवली. सुरुवात हाताला नाही, तिथे. मग डाव्या काखेत, मग छातीवरून आडवं, मग उजवा खांदा, आणि अगदी शेवटी दंड, कोपर, मनगट, बोटं. आधी पुढची वाट मोकळी, मग मागचं पाणी. एवढं मला पटकन समजलं, कारण फॅक्टरीच्या आवारात पाणी तुंबलं की मीही नाली आधी शेवटाकडून उपसतो. पण बाकीचं काही केल्या जमेना. मी बोटं ठेवली की तिची कातडी पांढरी पडायची.

"काका, दाबायचं नाही. कातडी फक्त सरकवायची आणि सोडून द्यायची. हा हात आहे, नट नाही."

"मंग पानी सरकन कसं?"

"तुम्ही ढकलायचं नाही. ते आपलं आपण जातं. तुम्ही वाट दाखवायची." मॅडमनी मला माझ्याच पापणीवर बोट ठेवायला लावलं. "तेवढाच भार. एका मिनिटाला दहाबारा वेळा, त्यापेक्षा घाई नाही. तेल नाही, शेक नाही."

पापणीवर बोट ठेवून मी त्या खोलीत उभा होतो आणि बायको पोट धरून हसत होती. हसताना तिचा उजवा हात चादरीवर ओंडक्यासारखा पडून होता, तो हसण्यात हलत नव्हता.

घरी रोज सकाळी सातला बसायचं ठरलं. पहिला आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. तिच्या गळ्याखाली बोटं ठेवली की माझ्या पायाला मुंग्या यायच्या. बाहेर कोणाची गाडी सुरू होत नसली की कान तिकडे. दोन वेळा मी मधूनच उठून गेलो, एकदा गाय सुटली म्हणून आणि एकदा उगाच. मॅडमनी तिच्या हातावर पेनने पाच ठिकाणी खुणा करून दिल्या होत्या, दर रविवारी तिथे मापाचा टेप लावायचा. मी रोज लावायचो. मशीनचं काम असं नसतं. बोल्ट आवळला की आवळला, तिथल्या तिथे दिसतं. इथे पाऊण तास बसा आणि टेपवर तोच आकडा.

घरात माझे कामाचे सुती हातमोजे पडलेले असतात. एके दिवशी तिने त्यातला एक उचलला आणि उजव्या हातात घालायला पाहिला. माझा पंजा तिच्या पंजाच्या दीडपट आहे, तरी तो बोटांच्या मुळाशीच अडला. तिने तो घडी करून पुन्हा खुंटीजवळ ठेवला. मी पाहिलं हे तिला कळलं नाही.

महिना गेला. टेप थोडा उतरला आणि थांबला. पोळा झाला. शेतात बोंडं धरली, रोज वाढताना दिसायची, आणि मला त्या बोंडांचा राग येऊ लागला. मी मनाशी दिवस मोजत होतो. झोपेतून उठलो की आधी तिचा हात पाहायचा आणि मग चूळ भरायची, अशी सवय लागली. चांगला दिसला तर दिवसभर बरं वाटायचं. नाही दिसला तर फॅक्टरीत कोणाच्या तरी अंगावर धावून जायचो. आजार परत आला असेल का, हाही किडा डोक्यात होताच. तो मी कोणाला बोललो नाही.

एका रविवारी मी तिच्या हाताशी बसलो असताना वहिनी आली. आमची चूल वेगळी, अंगण एक. ती दाराला टेकून पाहत राहिली.

"भाऊजी, हे काय कुरवाळनं लावलं? बाळंतिनीले कसं रगडतेत? तिळाचं तेल तापवा, खांद्यापासून बोटापर्यंत रगडा, वरून इटकर शेकून लावा. पान्याचंच हाय ना, निथळून जाईन."

आमच्याकडे मालिश दुखली नाही तर ती झाली असं कोणी मानत नाही. माझ्या आईने माझ्या पोरीला रगडलं, वहिनीने माझ्या बायकोला बाळंतपणात रगडलं, आणि दोघींचं अंग त्याने भरलं असं सगळे सांगतात. मॅडमची बोटं मला तशीही पटलेली नव्हती. मी विचारही केला नाही. मी तेल तापवलं. बायको म्हणाली, "मॅडमनं नाई सांगतलं ना?" मी म्हणालो, "एक दिस पाहू." आणि त्या हाताला मी माझ्या दोन्ही हातांनी खांद्यापासून खाली रगडलं, पाइपातला गाळ काढावा तसं. चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून लावली. तिने डोळे मिटले होते, ओठ घट्ट मिटले होते. तिला आराम पडतोय असं मी समजलो. त्या दिवशी मी तासभर बसलो, गाय नाही, गाडी नाही, एकदाही उठलो नाही. काम केल्यासारखं वाटत होतं. वर टेप लावला तर आकडा खरंच उतरलेला. मी मुलीला पुसदला फोन करून सांगितलं की तुझ्या मॅडमपेक्षा तुझा बाप हुशार आहे.

सोमवारी दुपारी फॅक्टरीत वहिनीचा फोन आला. बायकोला थंडी वाजून ताप भरला होता.

मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. हात कोपरापासून काखेपर्यंत लालभडक, हात लावू देईना इतका गरम. डॉक्टरांनी लगेच दाखल करून घेतलं. मॅडम खाली आल्या. त्यांनी हाताला नाक लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तेल?"

"हाव."

"गरम?"

मी मान हलवली.

"रगडलं?"

मी पुन्हा मान हलवली. त्यांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. त्या म्हणाल्या, "काका, त्या नळ्या केसासारख्या असतात. दाबल्या की मिटतात, जोरात रगडल्या की दुखावतात. शेकाने हातात पाणी आणखी येतं. आणि त्या हातात आधीच लढायची ताकद कमी आहे." मग औषधं लिहिली गेली. ताप आणि लाली पूर्ण जाईपर्यंत मालिश बंद.

तिला घरी आणलं तरी पुढचे दिवस फार वाईट गेले. सकाळचे सात वाजायचे आणि माझ्या हातांना काम नसायचं. मी मिक्सर खोलला. पंखा खोलला. फवारणीचा पंप खोलून पुन्हा जोडला, तो चांगला चालत होता तरी. वहिनी अंगणातून जाताना माझ्याकडे बघत नव्हती, तिलाही खाल्लेलं गोड लागत नव्हतं. पण तिने सल्ला दिला होता, हात माझे होते. ज्या हातांनी मी तेवीस वर्षं मशीन दुरुस्त केल्या, त्यांनी मी बायकोचा हात बिघडवला होता.

एकदा पंपाचा वॉशर हातात धरून मी तिला विचारलं, "दुखत होतं ना तुले त्या दिशी?"

"हाव."

"मंग बोलली काहून नाई?"

ती भिंतीला टेकून बसली होती, हात उशीवर.

"बोलली असती त तुमी उठून गेले असते," ती म्हणाली. "सव्वीस वर्सांत पह्यल्यांदा तुमी माह्यापाशी इतला येळ बसले होते."

मी वॉशर खाली ठेवला. उठून बाहेर जावंसं वाटलं, माझं शरीर उठायला निघालंही होतं, आणि ते माझं मलाच दिसलं. मी बसून राहिलो.

लाली गेली. मॅडमनी मला पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, आणि या वेळी मी शिकलो. गळ्याखालच्या खळग्यापासून. सरकवायचं, सोडायचं, थांबायचं. थांबणं हाच त्यातला अवघड भाग आहे, तेव्हा हात काहीच करत नसतो आणि तरी उचलायचा नसतो. माझे पाय अजून वळवळायचे. पण तिच्याकडे पाहत बसलो की ती बोलायची. कोणत्या तासातली झाडं खुजी राहिली. मुलगी झाली तेव्हा तिला वाटलेली भीती. नागपूरच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर पांढरकवड्याकडची एक बाई होती, तिचा नवरा ट्रकवर असायचा, ती एकटीच यायची, एकटीच जायची. "मले वाटे, माह्या नवरा निदान बाहेर उभा तरी हाय," ती म्हणाली. मी खरंच बाहेर उभा होतो, पार्किंगमध्ये, कोणाच्या तरी गाडीची चेन बसवत. हे मी तिला सांगितलं. तिला ठाऊक होतं.

टेप आता मी रविवारीच लावायचो. तो हळूहळू उतरला. पूर्ण नाही. डाव्या हाताएवढा तो कधी होणार नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. रोजचं बसणं कधी संपणार नाही, हेही.

दसरा झाला. सीतादहीच्या सकाळी वहिनीने दहीभात कालवला. मजूर बाया धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या, कमरेला ओटी बांधून. बायकोने पाच खडे मांडले, हळदकुंकू वाहिलं, डाव्या हाताने दहीभात शिंपला. मग तिने माझ्याकडे हात पुढे केला. मी खिशातून हातमोजा काढला. नवा, धुतलेला, माझ्याच मापाचा, कारण तिच्या मापाचा मिळाला नाही. तिची बोटं आत गेली. मुळाशी थोडी अडली. मी ओढलं नाही. तळव्यावर कापड हळूहळू सरकवलं, आणि मोजा मनगटापर्यंत गेला. वहिनीने पदर डोळ्याला लावला. मी तिकडे पाहिलं नाही, नाहीतर माझंही तेच झालं असतं.

बायकोने पहिल्या झाडाचा कापूस वेचला. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. सावकाश, एकेक बोंड, आणि ओटीत. पाचव्या झाडाशी ती थांबली.

"हे तुमी येचा."

बाया हसल्या. "व माय, सीतादहीत बाप्या मानसाचा हात?" एक म्हणाली.

"पाच झाडं माह्यी हायेत ना?" बायको म्हणाली. "मी कोनालेही देईन."

मी कापसावरच जगलो. गाठी पाहिल्या, सरकी पाहिली, रुईच्या तंतूंनी नाक भरून घेतलं. पण लहानपणानंतर झाडावरचा कापूस वेचला नव्हता. मी बोंड धरलं आणि खेचलं. कापूस आला, सोबत वाळकं पान आलं, काडी आली, आणि एक टोक अंगठ्याला बोचलं.

"दाबू नका," ती म्हणाली. तिने मोजा घातलेला हात माझ्या हातावर ठेवला. तिच्या हाताचा भार जेमतेम जाणवत होता. "निसती बोटं लावा. सुटून आला का घ्या. तो आपला आपन येते."

मी तसं केलं. कापूस पूर्ण, स्वच्छ, बोटांत आला. ती हे आयुष्यभर करत आली होती. मी ते शिकायला यवतमाळला गेलो होतो, आणि त्याआधी तिचा हात बिघडवून बसलो होतो.

बाया तासात उतरल्या. तिने मोजा काढून माझ्या हातात दिला आणि धुऱ्यावर निंबाच्या सावलीत बसली. ऊन वर आलं होतं, माझी ड्युटी कधीच सुरू झाली होती.

"जा ना," ती म्हणाली. "उशीर होऊन राह्यला तुमाले."

मी गाडीकडे पाहिलं. मग तिच्या उजव्या बाजूला, दोन्ही पाय पसरून, खाली बसलो.

"बसतो," मी म्हणालो.